आठवी वर्दी

जानकी विहिरीत सापडली तो भाद्रपदातला मंगळवार होता, साल अठ्ठावन्न. पेजेचं आधण चुलीवर ठेवून ती घरामागच्या विहिरीवर पाणी आणायला गेली होती. पेज उतू गेली, चूल चरचरून विझली, तरी ती परत आली नाही. तिच्या नवऱ्याने, भिकाजीने, ओटीवरून दोन हाका मारल्या. तिसरी हाक मारत तो मागे गेला, तर कळशी पाण्यावर तरंगत होती आणि तिच्या बाजूला लुगड्याचा पदर.

त्याची आरोळी ऐकून शेजारचा भाई धावत आला. साठी उलटलेला माणूस, पण धोतर खोचून थेट पायऱ्या उतरायला निघाला. तेवढ्यात भिकाजी ओरडला, "त्या पायरेर पाय देव नको."

"पाटलांनू, खुळावलात काय?" भाई म्हणाला, आणि कठड्यावरूनच त्याने उडी टाकली.

भिकाजी खुळावला नव्हता. तो भेरलेवाडीचा पोलीस पाटील होता. गावात कोणी अवचित मेलं की मालवणच्या ठाण्याला वर्दी देणं हे त्याचं काम. तिसऱ्या पायरीवरचं शेवाळ वीतभर सोलून निघालं होतं आणि खालचा तांबडा चिरा दिसत होता. टाच घसरली की असंच दिसतं, हे त्याने आधी पाहिलेलं होतं. पडवीत टांगलेलं इरलं आणून त्याने त्या पायरीवर पालथं घातलं. मगच तो जानकीजवळ बसला. भाईने तिला वर आणून पालथं केलं होतं. तो पाठ दाबत होता. थोडं पाणी आलं, बाकी काही नाही.

"गेली, पाटलांनू," भाई म्हणाला. त्याच्या खांद्याचं कातडं चिऱ्याला लागून निघालं होतं.

वर्दी लिहायला दुसरं कोणी नव्हतं. भिकाजीने दौत घेतली. शब्द आपसूक आले. सौ. जानकी, वय चव्वेचाळीस, पाणी आणण्यास गेली असता पाय घसरून विहिरीत पडून मयत. घातपाताचा संशय नाही. लिहून झाल्यावर तो त्या ओळींकडे बघत राहिला. ह्याच ओळी त्याने आजवर सात वेळा लिहिल्या होत्या.

सातांपैकी चार बायका खरोखर घसरल्या होत्या. कोकणातल्या विहिरी तशाच, पाऊस सरता सरता पायऱ्या लोण्यासारख्या होतात. दोघींनी उडी टाकली होती. ते भिकाजीला माहीत होतं, गावालाही माहीत होतं. पण तसं लिहिलं की प्रेत होडीने मालवणला जायचं, तिथे फाडायचं, घरच्यांनी ठाण्याच्या पायऱ्या झिजवायच्या. गेलेली काही परत येत नाही. म्हणून तो पाय घसरून असं लिही, पंच अंगठे उठवत, हवालदार चहा घेऊन जाई, आणि सांजेच्या आत दहन होई. गाव ह्याला पाटलाची माया म्हणत असे.

सातवी होती सुगंधा, भाईची सून. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, त्यात जानकी होती. ती घरी आली ती बसलीसुद्धा नाही.

"तिच्या मानेक दोराचो वळ आसा," ती म्हणाली.

"बावीतलो दोर लागलो असतलो गो."

"दोर आधी लागलो. बाव मागसून."

तो वळ भिकाजीने तिच्याआधी पाहिला होता. पंचनाम्याच्या वेळी सुगंधाचा पदर मानेवर ओढून घेतला तो त्यानेच. त्याच्या थोडं आधी भाईने त्याला गोठ्यामागे नेऊन त्याचे दोन्ही हात धरले होते. "सून गेली," भाई म्हणाला होता. "आता झीलय फासार जातलो काय, पाटलांनू?" भाईला एकच मुलगा, सत्यवान. त्याच आठवड्यात भाईने त्याला मुंबईला पाठवून दिलं. तो नंतर गावी आला नाही.

दर वर्षी सुगंधाच्या दिवसाच्या सुमाराला तिचा बाप लवू कुणकेश्वराहून चालत येई. भाईच्या घरी तो जात नसे. पाटलाच्या दारापुढच्या खळ्यात बसे, जानकीने दिलेलं पाणी पिई, आणि एकच गोष्ट विचारी. "पाटलांनू, माझ्या चेडवाक पवाक येय होता. चार चार पुरुस खोल पाण्यात बुडी मारून ता वर येय. मग ता बावीत कसा बुडला?" भिकाजी म्हणे, डोक्याला चिरा लागला असेल. लवू मान हलवी आणि परत चालू लागे. तो नजरेआड झाला की जानकी म्हणे, "ता वर्देचा पान बरोबर करा तुमी." एवढंच. पुढचं वर्षभर ती तो विषय काढत नसे.

ह्या वर्षी तिने आधीच काढला होता. त्या मंगळवारी सकाळीच. "धा-बारा दिसांनी लवू येतलो. तेका काय सांगतलात?" दात घासण्याची राख हातावर घेऊन भिकाजी खळ्यात उतरला. तिने कळशी उचलली आणि गेली.

हे त्याने वर्दीत लिहिलं नव्हतं.

दुपार कलल्यावर फौजदार आला. नवा माणूस, घाटावरचा, येऊन दोन महिने झालेले. याकूबच्या होडीतून खाडी ओलांडून आला आणि बरोबर ठाण्यातलं जाड रजिस्टर घेऊन आला. त्याने जानकीकडे पाहिलं, टोपी काढली, परत घातली, आणि विहिरीवर गेला. इरलं उचलून पायरी पाहिली.

"हे कोणी झाकलं?"

"मी, साहेब. लोक उतरले असते तर खूण पुसली असती."

"बायकोला पाण्यातून काढतायत, आणि तुम्ही पायरी झाकत होता?"

फौजदाराने बोटाने शेवाळ खरवडून पाहिलं. सहज निघालं.

"शेवाळ काय, कोणीही खरवडेल, पाटील. आणि घसरल्याची खूण कशी दिसायला हवी, हे तुमच्याइतकं ह्या गावात कोणाला ठाऊक आहे?"

मग त्याने कठड्यावर रजिस्टर उघडलं. "एकोणपन्नासपासून सात. ही आठवी. सगळ्या बायका, सगळ्या विहिरीत, शब्दसुद्धा तेच. भेरलेवाडीच्या बायकांचे पाय फारच निसरडे दिसतात." पंचांपैकी कोणी वर पाहिलं नाही. "आता मला सांगा, यातल्या खऱ्या किती?"

भाई दोन हात अंतरावर उभा होता. खांद्यावरचं रक्त सुकलं होतं. धोतर अजून ओलं होतं, जानकीच्याच विहिरीच्या पाण्याने. भिकाजीने मनात हिशेब मांडला. चार म्हटलं तर तीन घरांची दारं उघडली. सहा म्हटलं तर एक, आणि ते दार कोणाचं हे भाईला सांगावं लागलं नसतं. सगळ्या म्हटलं तर फौजदाराचा विश्वास बसणार नाही, आणि जानकी मालवणला जाईल. तिची पावलं चादरीबाहेर आली होती. टाचांना लाल माती होती, ती पाण्यानेही गेली नव्हती.

"सगळ्या, साहेब," तो म्हणाला.

"मग आठवीही त्यांच्यासारखीच असणार," फौजदार म्हणाला आणि रजिस्टर मिटलं. "प्रेत मालवणला न्या."

याकूबने होडीत गवत पसरलं आणि त्यावर तिला ठेवून घेतलं. "पाटलांनू, तुमी फुडे बसा," तो म्हणाला. "मागे बघू नुको. मी बघतंय वैनीक." भिकाजी पुढे बसला. लाट आली की मागे काहीतरी हलल्याचा आवाज होई आणि त्याची मान वळायला जाई. तो होडीची कड धरून बसला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर तो सकाळपासून बसून होता. फौजदार आपल्याला धरेल ह्याची त्याला भीती नव्हती. ती असती तर बरं झालं असतं. त्याची भीती वेगळी होती. पायरीवरची खूण त्याने डोळ्यांनी पाहिली होती, पण आता ती आठवायला गेलं की सात वर्द्यांतल्या सगळ्या पायऱ्या एकमेकींत मिसळत. ती खूण खरी होती, की ती खरी असावी असं त्याला वाटलं होतं? उडी टाकणाऱ्याचाही पाय पायरीला लागतोच की. तिने कळशी उचलली तेव्हा तिचा चेहरा कसा होता? त्याने पाहिला नव्हता. तो राख चोळत होता. तेका काय सांगतलात, असं विचारून बाई विहिरीवर जाते आणि परत येत नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी असं घडलं असतं तर पाटील म्हणून त्याने काय धरलं असतं, हे त्याला नीट माहीत होतं.

आतून बादलीचा आवाज आला की तो उठे. दार उघडलं नाही की बसे. एकदा कंपाउंडर बाहेर आला आणि विडी ओढून परत गेला. त्याच्याकडे बघून काही कळेना.

उन्हं उतरल्यावर डॉक्टर बाहेर आले. फौजदारही आला होता. डॉक्टरांनी हात पुसत सांगितलं की बुडूनच मृत्यू झाला. अंगावर मारहाणीची खूण नाही, मान साफ आहे. उजवी नडगी चिऱ्यावर खरडून सोलली आहे. आणि दोन्ही हातांची नखं तुटली आहेत, आत शेवाळ भरलं आहे.

"म्हणजे?" भिकाजीने विचारलं.

"म्हणजे पायरी धरायला बघत होत्या त्या," डॉक्टर म्हणाले. "वर यायला बघत होत्या."

भिकाजी बाकड्यावर बसला. तिने उडी टाकली नव्हती. ती घसरली होती, तिने पायरी धरली होती, आणि त्या वेळी तो वीस पावलांवर दात घासत होता.

फौजदाराने चहा मागवला. वाईट माणूस नव्हता तो. "पाटील, मी काल कडक बोललो," तो म्हणाला. "माझं काम तसं आहे. पण तुमचं अक्षर न् अक्षर खरं निघालं. स्वतःच्या बायकोच्या प्रेतासमोर ज्याची वर्दी खरी, त्याने बाकीच्या खोट्या कशाला दिल्या असतील?" त्याने रजिस्टर काढलं. एकेका नोंदीशी तो लिहीत गेला, पुन्हा तपासली, संशय नाही, आणि खाली सही. पहिली झाली. दुसरी झाली. भिकाजी टाकाकडे बघत होता. सहावी झाली. टाक दौतीत बुडला.

"साहेब," भिकाजी म्हणाला.

"बोला."

चहा निवत होता. फौजदार टाक वर धरून थांबला होता, टोकाला शाईचा थेंब.

"तिका कधी नेऊक मिळात?" इतक्या वर्षांत सरकारी माणसाशी तो पहिल्यांदाच घरचं बोलला.

"आत्ताच न्या," फौजदार म्हणाला, आणि सातवीवर सही केली.

सुतकाचे दिवस भाईच्या घरून डाळभात येत होता. भाई स्वतः आणून ठेवी, पाण्याचा हंडा भरून ठेवी, आणि जाई. विहिरीची तिसरी पायरी त्याने काथ्याने घासून साफ केली.

लवू आला तो तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याला वाटेतच कळलं होतं. खळ्यात बसला. ह्या वेळी पाणी भिकाजीनेच दिलं. तो पाणी प्याला, भिकाजीच्या भादरलेल्या डोक्याकडे बघत राहिला. आता विचारेल, मग विचारेल, म्हणून भिकाजी रिकामा तांब्या धरून उभा राहिला. लवूने विचारलं नाही.

"बरी बाई होती," तो म्हणाला. "माका रिकाम्या तोंडान कधी धाडूक नाय." मग उठता उठता म्हणाला, "तुमका निदान कळला, पाटलांनू, ती कशी गेली ती."

लवू येऊन गेल्यावर चार दिवसांनी, भर दुपारी, भिकाजीने दौत काढून एक कागद लिहिला. सुगंधा हिच्या मानेवर दोराचा वळ होता. तो मी पाहिला व पदराने झाकला. वर्दी खोटी दिली. खाली आपलं नाव, हुद्दा, तारीख.

त्याला आता तीन वर्षं झाली. तो फौजदार बदलून गेला. भाई थकला आहे, तरी हंडा भरून ठेवतो. लवू दर वर्षी येतो आणि काही विचारत नाही. कागद जानकीच्या लुगड्यांच्या पेटीत आहे. तो मालवणला नेऊन द्यायचा राहिला आहे.