वाढत्या मापाचे बूट

शाल्मलीचा उजवा घोटा सुजला आहे, हे चारुताला कळलं ते जया मॅडमच्या बोटांकडे बघून. मॅडमनी मोजा खाली सरकवला, घोट्याच्या बाहेरच्या अंगाला अंगठा दाबला आणि शाल्मलीने ओठ आवळले.

वर्ध्याच्या या हॉलमध्ये दर रविवारी बॅलेचा वर्ग भरे. आर्वीहून एसटीने येणाऱ्या या दोघी मायलेकीच. पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहण्याचे पुढून कडक बूट, कोणत्या मुलींनी घालायचे ते मॅडम आज ठरवणार होत्या. त्यासाठी मुली वर्षभर टाचा उचलत होत्या, पायाच्या बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करत होत्या. एका पायावर टाच उचलताना घोटा कलंडता कामा नये. शाल्मलीचा कलंडला होता.

"कधी मुरगळला?"

शाल्मलीने मान खाली घातली.

"घरी पॉइंट शूज घातलेस ना?"

मान आणखी खाली गेली.

"मला न विचारता जी बोटांवर चढेल, ती माझ्या वर्गात राहणार नाही, हे सांगितलं होतं. उद्या हाड मोडलं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

आई भिंतीलगतच्या खुर्चीवरच बसली होती. शाल्मलीने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. चारुता स्वतः शिक्षिका. मार खाईल पण नाव सांगणार नाही, असली मुलं तिने वर्गात पाहिली होती.

ती उठली. शाळेत ती नेटकी पुस्तकी मराठी बोले. आता जिभेवर घरची बोली आली.

"तिले नका बोलू, मॅडम. बूट मीच आणले. घालून पाह्य म्हटलं, तेही मीच."

मुलगी पास झाली की मॅडमना दाखवायचे म्हणून बूट पिशवीतच होते. तिने ते पुढे केले. मॅडमनी आत बोटं घातली. कापसाचा बोळा निघाला, वातींसाठी आणलेल्या कापसाचा.

"हे काय?"

"एक नंबर मोठे घेतले. वाढतं वय आहे. सैल होत होते, म्हणून पुढे कापूस घातला."

"ताई, शाळेचे बूट आहेत का हे?" मॅडमचा आवाज चढला, मग उतरला. "यात पाय खाली घसरतो. सगळा भार अंगठ्यावर येतो आणि घोट्याला आधारच राहत नाही."

चारुताने बोळा उचलून मुठीत घेतला. घरात तिच्या स्वतःच्या पायालाही लहानपणी कधी मापाचा बूट मिळाला नव्हता.

"वर्ग सोडू नकोस," मॅडम शाल्मलीला म्हणाल्या. "आधी डॉक्टरला दाखवा. सूज गेली की पुन्हा पहिल्यापासून. बोटांवर मात्र या वर्षी नाही."

"मग वर्गाचा वार्षिक कार्यक्रम?" शाल्मलीने विचारलं.

"नाही."

परतीची एसटी सुटली.

"दुखत होतं त सांगितलं काऊन नाई?" चारुताने विचारलं.

"तू किती हौसेनं आणले होते."



डॉक्टरांनी घोट्याचं लिगामेंट ताणलं असल्याचं सांगितलं. सूज उतरायला वेळ लागला. मग शाल्मली खुर्चीत बसून टॉवेल गोळा करू लागली, आणि पुढे ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलू लागली. चारुताने मागे बसून टाचा सरळ वर जातात का ते बघायचं, पण हात लावायचा नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

"पुढच्या वर्षी हेच येतील," एकदा तिने बुटांकडे बघत म्हटलं.

"आई, नको. तेव्हा मोजून घेऊ."

शाल्मलीने टाचा उचलल्या. उजवा घोटा थरथरला, बाहेर झुकू लागला. चारुताचा हात आपोआप पुढे गेला. तिने तो मागे घेऊन मांडीवर ठेवला आणि वरून दुसरा हात दाबून धरला.

घोटा हळूहळू सरळ झाला.