वाढत्या अंगाचा कोट

मी एक जुना चिमटा आहे. नाही नाही मित्रांनो, दोरीवर कपडे वाळत घालायचा नव्हे! स्वयंपाकघरातला तर मुळीच नव्हे. काळ्या पत्र्याचा, रुंद जबड्याचा, तारेचे दोन कान असलेला, कागदांचे गठ्ठे धरून ठेवायचा चिमटा मी. पण कागद मी आयुष्यात कधी धरला नाही. मी धरले ते झगे, विजारी, सदरे आणि एक पिवळा कोट. त्या कोटाची गोष्ट सांगायची म्हणून तर मी आज तोंड उघडले आहे. आणि मी तोंड उघडणे ही साधी बाब नाही, त्याला दोन बोटांचा चांगला जोर लागतो!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सपाट पत्रा यंत्रात शिरला, धाडकन वाकला, भट्टीत तापला, तेलात बुडाला, आणि मी झालो. त्या भट्टीमुळेच अंगात ताठा आला, तो आजवर गेलेला नाही. माझी भावंडे कचेऱ्यांत गेली आणि फायलींच्या धुळीत बसली. मला मात्र दुकानात एका तरुण मुलीने उचलले, आपल्याच बाहीला लावले, ओढून पाहिले आणि म्हणाली, "हा घट्ट आहे. हा चालेल." माझी छाती काय फुगली म्हणून सांगू!

ती मुलगी स्टायलिस्ट होती. म्हणजे काय, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. मासिकात, जाहिरातीत, दुकानाच्या काचेवर तुम्ही झकपक कपड्यांतली माणसे बघता ना? त्यांनी कशावर काय घालायचे, कॉलर उभी की आडवी, मोजे दिसायचे की लपायचे, हे सगळे ठरवणारी व्यक्ती म्हणजे स्टायलिस्ट. अर्थात आमच्या ताईंना अजून काहीच ठरवता येत नव्हते. त्या एका नावाजलेल्या स्टायलिस्टच्या, म्हणजे मोठ्या मॅडमच्या, हाताखाली होत्या. इस्त्री करायची, दोन्ही खांद्यांवर बॅगा वाहायच्या, उसन्या आणलेल्या बुटांच्या तळव्यांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे ते कोरेच्या कोरे दुकानात परत करता येतात. सगळे त्यांना ताई म्हणत, आणि ताई म्हटले की पुढे एक काम चिकटलेलेच असे.

माझे काम तर विचारूच नका! कॅमेऱ्याला फक्त समोरची बाजू दिसते. कपडा सैल असला की ताई मागून कापड गोळा करत आणि मला लावत. समोरून राजबिंडा दिसणारा माणूस मागून चिमट्यांची रांग घेऊन उभा असे. फोटोत मी कधीच आलो नाही, पण फोटोतल्या प्रत्येकाची पाठ मला माहीत होती. घट्ट बुटातून हळूच टाच वर काढणारे, पाठीमागे बोटे चुरगाळणारे, श्वास कोंडून पोट आत ओढणारे, सगळे मी पाहिले. चेहऱ्याला हसता येते हो, पाठीला सोंग जमत नाही.

आणि एके दिवशी मोठ्या मॅडम म्हणाल्या, "लहान मुलांच्या कपड्यांचं काम आलंय. मला वेळ नाही. तू कर. जमलं तर पुढे तुझं तू बघ. नाही जमलं, तर बॅगा आहेतच."

ताईंना आकाश ठेंगणे झाले! कपडे शिवणारे मालक नवीन होते. त्यांना नव्या दुकानाच्या दर्शनी भागावर एक भला मोठा फोटो लावायचा होता. त्यात त्यांचा लाडका पिवळा कोट हवा होता. तो एकच शिवलेला होता, आणि ज्या मुलीने तो घालायचा, तिच्या मापाचा होता. ताईंनी स्वतः आधी जाऊन तो तिच्या अंगावर घालून बघितला होता. कोट अगदी बेतून कापल्यासारखा बसला होता.

फोटोचा दिवस उजाडला. काय ती धमाल! मोठ्या माणसांच्या फोटोच्या वेळी खोलीत कुजबूज असते. इथे एक पोरगा कपड्यांच्या रॅकमध्ये शिरून भूत झाला होता. एकीने मोजे काढायला साफ नकार दिला होता. एक पठ्ठ्या फोटोवाल्या दादांना विचारत होता, "तुम्ही एक डोळा मिटता, तो दुखतो का?" दादांच्या नाकी नऊ आले होते, ताई गुडघ्यांवर बसून बटणे लावत होत्या, आणि मी त्यांच्या पट्ट्याला लटकून सगळा गोंधळ मनसोक्त ऐकत होतो. बाकीचे फोटो पटापट झाले. राहिला पिवळा कोट.

तेवढ्यात एक आजोबा आत आले. त्यांच्या हाताला एक चिमुरडी होती. ताईंनी तिच्याकडे पाहिले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

"मोठीला कांजिण्या आल्या," आजोबा म्हणाले. "तोंडभर फोड. मग म्हटलं, धाकटीला नेऊ. आम्ही हिला भिंगरी म्हणतो. एका जागी उभी राहिली, तर माझ्याकडून बक्षीस."

दुसरे मूल शोधायला वेळ नव्हता. दुपारनंतर ती खोली दुसऱ्या कुणाला दिलेली होती. ताईंनी भिंगरीला कोट घातला. बाह्या थेट गुडघ्यांपर्यंत लोंबल्या! ताईंनी दीर्घ श्वास घेतला आणि आम्हा चिमट्यांची फौज बाहेर काढली. एक खांद्यापाशी, एक काखेखाली, दोन बाह्यांना आणि मधोमध, पाठीच्या कण्यावर, अर्थातच मी. समोरून कोट इतका सुरेख बसला, की मालकांनी टाळी वाजवली.

पण भिंगरी थांबली. म्हणजे फिरायची थांबली, बोलायची थांबली, जणू श्वास घ्यायचीही थांबली. दादा म्हणाले, "हस बाळा!" तिने दातांच्या डॉक्टरांना दाखवावेत तसे दात दाखवले. मालकांनी पडद्यावर फोटो पाहिला आणि म्हणाले, "कोट झकास आहे. पण पोरगी मेणाची वाटते."

ताईंनी आम्हाला काढले आणि जरा खाली लावले. पुन्हा तेच. पुन्हा काढले, वर लावले. आणि मित्रांनो, दर वेळी आम्ही सुटलो रे सुटलो की भिंगरी लांब बाह्या हलवत ओरडायची, "मी हत्ती! मला दोन सोंडा!" आणि गरकन फिरायची. आम्ही चिकटलो, की झालाच तिचा खांब.

ताई पुन्हा मला लावायला आल्या आणि त्यांचा हात माझ्या कानांवरच थबकला. कपडा सैल दिसला की काम फसले, हेच तर त्या इतकी वर्षे शिकल्या होत्या. हा फोटो बिघडला असता, तर पुन्हा इस्त्री, पुन्हा बॅगा. पण त्यांनी एक एक करून सगळे चिमटे काढले. मला आपल्याच कॉलरला अडकवले आणि त्या भिंगरीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

मित्रांनो! सगळा जन्म मी माणसांच्या पाठी पाहिल्या, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा समोरचा चेहरा दिसला! वरचे दोन दात पडलेले, हनुवटीवर जुनी खरचटलेली खूण, आणि डोळे असे, की आता काय करू आणि काय नको!

"दादा, घ्या आता," ताई म्हणाल्या.

"हलतेय ती!"

"हलू दे."

भिंगरी फिरली. कोट घेरदार फुलला, बाह्या आडव्या उडाल्या, बिनदाताचे हसू खोलीभर झाले. कॅमेरा खटाखट वाजत राहिला.

"अहो, काय करताय हे?" मालक पुढे धावले. "नाकापेक्षा मोती जड दिसतोय! लोक म्हणतील, यांना मापात शिवता येत नाही!"

ताई म्हणाल्या, "साहेब, लहान मुलाला मापाचा कोट कोण घेतं? दुकानात प्रत्येक आई एकच सांगते, वाढत्या अंगाचा दाखवा. मीही घरात धाकटी. माझ्या बोटांना कधी वारा लागला नाही, एवढ्या लांब बाह्या असायच्या. पण त्या बाह्यांत मी काय काय लपवायचे, ते माझं मला माहीत! हा कोट मोठा नाही हो. यात हिची पुढची दोन वर्षं मावतात."

मालक पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्या लग्नातला कोट वडिलांनी वाढत्या अंगाचाच शिवून घेतला होता. अजून वाढतोय मी." आणि स्वतःच हसत सुटले. आजोबांचे हसणे सगळ्यांत मोठे होते. "हाच लावा," मालक म्हणाले. "आणि फोटोचं काम संपलं की कोट पोरीलाच द्या."

फोटो लागला आणि काय सांगू! येणारी-जाणारी पोरे खाली उभी राहून बाह्या उडवायला लागली. आया आत शिरून विचारायला लागल्या, "तो फिरायचा कोट आहे का?" मालकांनी पुढची सगळी कामे ताईंना दिली. मोठ्या मॅडमचा फोन आला, "बॅगांसाठी दुसरं कुणीतरी शोधते मी." फोन ठेवून ताई आधी रडल्या, मग कॉलरवरच्या मला टिचकी मारून हसल्या.

आता त्या फक्त मुलांच्याच कपड्यांचे काम करतात. फोटोआधी जमिनीवर बसतात आणि मुलाला सांगतात, "हात वर कर. खाली वाक. आता उडी मार." कपडा कुठे टोचला, आवळला तर कपडा बदलायचा, मूल नाही. साहजिकच माझे काम कमी झाले. खोटे कशाला सांगू, सुरुवातीला मला राग आला. डब्यात पडून गंज चढतो, जबडा ढिला होतो. मला कोरड्या फडक्याने पुसावे, एवढी माझी मागणी अजून आहे.

गेल्या थंडीत भिंगरी पुन्हा फोटोसाठी आली. अंगात तोच पिवळा कोट, स्वतःचा, कोपरावर एक ठिगळ. ताईंनी सवयीने मला बाहेर काढले, तिच्या मागे गेल्या आणि पाठीवरचे कापड चिमटीत धरू गेल्या. धरायला कापडच उरले नव्हते. पोर कोटभर वाढली होती! ताईंचा हात तसाच तिच्या पाठीवर राहिला, आणि मी त्यांच्या मुठीत बिनकामाचा, इतका खूश, की उघडझाप करता आली असती तर केली असती.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरी धाकट्या भावंडाचा फोटो काढताना "नीट उभा राहा" असे ओरडण्याआधी एकदा त्याच्या पाठीमागे जाऊन बघा. काही टोचत असेल, काही आवळत असेल, तर आधी ते काढा. फोटो नंतर काढा.