निळीचा नंबर

लिफ्टवाल्यांचा कान इतका तिखट होता की सतराव्या मजल्यावर उंदराने लिफ्टची वायर कुरतडायला घेतली, तर हे तळमजल्यावरून सांगत, उंदराचा डावीकडचा दात हलतोय. आता ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितलेली आणि उंदीर काही साक्षीला आलेला नाही, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे विश्वास ठेवावा. एवढं मात्र खरं, की पस्तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करताना त्यांनी हातापेक्षा कान जास्त वापरला. दर महिन्याला छोटा रेकॉर्डर खिशात घालून प्रत्येक लिफ्टमधून तळापासून टोकापर्यंत एक फेरी मारायची, आवाज भरून आणायचा आणि मागच्या महिन्याच्या आवाजाशी ताडून बघायचा. घरघर कुठे वाढली, कोणतं दार उसासे टाकायला लागलं, सगळं लगेच कळे. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने घड्याळ दिलं, आणि ते आवाज कुणालाच नको होते म्हणून हे घरी घेऊन आले.

घरी आवाजांची तशी टंचाईच होती. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी तीन विमानं बदलावी लागतील इतक्या लांब. रविवारी तिचा फोन येई.

"बाबा, ते सगळं क्लाउडवर टाका ना."

"अगं, जे हाताला लागत नाही ते जिवंत आहे की मेलं, कळायचं कसं?"

"बरं, जेवलात का?"

"जेवलो."

एवढ्यात फोन संपे. बाकीचा आठवडा लिफ्टवाले फ्रिजशी बोलत. फ्रिजच्या कंप्रेसरला खोकला होता, त्यामुळे अधूनमधून उत्तरही मिळे.

राहता राहिला गुरुवार.

चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दर गुरुवारी दारापाशी सवलतीची टोपली मांडत. खोका फाटलेला, गिऱ्हाइकाने परत केलेला, मॉडेल जुनं झालेलं, असला माल त्यात असे. लिफ्टवाले आवाज साठवायला तिथून हार्ड डिस्क घेत. एका गुरुवारी त्यांनी हिरव्या खोक्यातली डिस्क उचलली, तर शेजारून कुणी तरी च् च् केलं. बघतात तर काडीसारखा उंच, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला माणूस.

"हिरवी घेताय? घ्या, घ्या. रडायला खांदा लागला तर मी दर गुरुवारी इथे असतो."

"का हो, निळ्या कंपनीचे जावई का तुम्ही?"

"जावई नाही. मीटर रीडर. छत्तीस वर्षं विजेचे मीटर वाचले. आकडे बघतो आणि बोलतो. शंभर हिरव्यांतल्या किती मेल्या आणि शंभर निळ्यांतल्या किती, सगळं वहीत आहे."

"वहीत! डिस्क वहीतून कळते का? ती कानाला लावायची. निळी सुरू होताना कण्हते. हिरवी बघा, झोपलेल्या मांजरीसारखी."

"मग मांजरच पाळा की!"

दुकानवाली चाळिशीची, शांत स्वभावाची बाई. तिने दोघांचं भांडण मिटावं म्हणून सांगून टाकलं, "काका, खरं सांगू? दोन्ही एकाच कारखान्यात बनतात म्हणे."

त्यावर दोघे एकदम तिच्यावर असे काही उखडले, की बाईने पुन्हा जन्मात मध्यस्थी केली नाही. मैत्री जमायला आणखी काय लागतं?

तेव्हापासून गुरुवार ठरला. अकरा ते एक, टोपलीपाशी दोन स्टुलं. विषय एकच, निळी की हिरवी. दुसरा विषय काढायचं दोघांनाही सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही. मीटरवाल्यांच्या घरी कोण आहे हे लिफ्टवाल्यांनी विचारलं नाही. मीटरवाल्यांनीही, लिफ्टवाल्यांच्या शर्टाचं वरचं बटण तीन महिने तुटलेलं का आहे, हे विचारलं नाही.

एक दिवस शब्दाने शब्द वाढला आणि पैज लागली. टोपलीतून एक निळी, एक हिरवी, सारख्या मापाच्या घ्यायच्या. दोन्हींत एकच माल भरायचा. आपल्या लाडकीला कुणी लाडावून ठेवू नये म्हणून शत्रूचं पोर आपल्या घरी वाढवायचं, म्हणजे निळी लिफ्टवाल्यांकडे आणि हिरवी मीटरवाल्यांकडे. रोज तासभर चालवायची. गुरुवारी दोन्ही दुकानात आणायच्या. जी डिस्क आधी मरेल तिच्या वकिलाने या विषयावर पुन्हा आयुष्यात तोंड उघडायचं नाही.

"भरायचं काय?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"तुमचंच काही तरी भरा. माझ्याकडे ठेवण्यासारखं काही नाही."

"मग इतक्या डिस्का नेता त्या?"

"तपासतो. रिकाम्याच असतात. पण एकदम निरोगी."

दोन्हींत लिफ्टांचे आवाज भरले गेले. मग दर गुरुवारी समारंभ होई. मीटरवाले चष्मा नाकावर चढवीत, डिस्क उलटी करून तिचा नंबर खणखणीत वाचीत, न जाणो बदलली असली तर! निळीचा नंबर होता नऊ चार चार, शून्य सात, दोन सहा सहा, एक. लिफ्टवाल्यांनी तो डोळ्यांनी कधी पाहिलाच नाही. त्यांच्या लेखी ती एक गाण्याची चाल होती. चर्चेआधीची घंटा म्हणा ना.

"वाचलंच पाहिजे का दर वेळी?" ते कुरकुरत.

"अहो, एका बंगल्यावर कुत्रं माझ्या पोटरीला लोंबकळत होतं. मालक म्हणाला, अंदाजे लिहा. मी म्हटलं, सहावा आकडा फिरतोय, तो थांबेपर्यंत कुत्र्याला राहू द्या. छत्तीस वर्षांत एक आकडा खोटा वाचला नाही."

"कुत्र्याचं काय झालं?"

"दमलं आणि सुटलं."

मग बाई दोन्ही डिस्का जोडून एखादा आवाज वाजवून बघे, आणि "दोन्ही जिवंत" असा निकाल दिला की भांडायला मोकळीक. एकदा भांडता भांडता मीटरवाले मध्येच थांबले.

"लिफ्टवाले, तुमचा तो अकरा नंबरचा आवाज. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये एक बाई म्हणते, 'मग मी त्याला सरळ विचारलं.' आणि दार उघडतं, ती जाते. काय विचारलं हो तिने?"

"मला काय ठाऊक! मी मोटर ऐकत होतो."

"मी रोज ऐकतो. लोक किती बोलतात हो लिफ्टमध्ये! मला तर सगळे दारातूनच मीटर दाखवून वाटेला लावायचे." मग घसा खाकरून म्हणाले, "पण हिरवी काही खरी नाही हां."

असं दीड वर्ष गेलं, आणि एका मंगळवारी सकाळी चहा पिताना लिफ्टवाल्यांच्या कानाने कूस बदलली. टेबलावरची निळी टक् म्हणाली. थांबली. मग टक्, टक्, टक्. बंद पडण्याआधी दार न सापडलेल्या लिफ्टसारखी ती आतल्या आत आपटत होती. त्यांनी वायर काढली, लावली, दुसरीकडे लावली. निळी गेली होती.

लिफ्टवाल्यांनी कप खाली ठेवला आणि खोलीभर एक चक्कर मारली. जिंकलो! त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. काही झालं का?"

"नाही, ती निळी..."

"नंतर करते हं."

मग फ्रिजचं दार उघडून त्यांनी आत सांगितलं, "निळी मेली बरं का." आतला दिवा लागला. तेवढंच कौतुक.

दार लावताना ते मध्येच थांबले. परवा गुरुवार. आपण निळी काउंटरवर ठेवणार, बाई जोडणार, टक् टक्. मीटरवाले चष्मा काढतील. शब्दाचा पक्का माणूस, पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही. आणि या विषयाखेरीज त्या तोंडाला दुसरं ठाऊक काय आहे? चार गुरुवार स्टुलावर गप्प बसतील. पाचव्याला येणार नाहीत.

लिफ्टवाले मेलेली निळी पिशवीत टाकून, पायात चपला सरकवून बाहेर पडले.

चौकातल्या दुकानात जाण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी गावाचं दुसरं टोक गाठलं. तीन दुकानं नाही म्हणाली. चौथ्या दुकानात तळाच्या फळीवर, कोपरा चेपलेल्या खोक्यात, तेच मॉडेल, तोच निळा रंग. सवलत मोठी होती, पण त्या दिवशी दुकानदाराने दुप्पट मागितले असते तरी ते हसत देऊन आले असते. येताना पुरावा नको म्हणून मेलेली निळी जुन्या यंत्रांच्या डब्यात टाकून दिली. बुधवारचा अख्खा दिवस आवाज ओतण्यात गेला. नव्या निळीला जुनीसारखा ओरखडा किल्लीने काढला. कडा पायपुसण्यावर घासून बोथट केल्या. तरी एक काळजी राहिलीच, नवीचा आवाज फार कोवळा होता. आता मीटरवाल्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने ते यंत्रांकडे लक्ष देत नाहीत, पण स्वतःच्या कानाने जग मोजणाऱ्याला हे कुठून सुचणार?

गुरुवारी मीटरवाल्यांनी चष्मा नाकावर चढवला, निळी हातात घेतली, आणि त्या क्षणी लिफ्टवाल्यांच्या डोक्यात उजेड पडला. नंबर! ओरखडा काढला, कडा घासल्या, आवाजाची चिंता वाहिली, आणि नंबर? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मीटरवाल्यांनी डिस्क उलटी केली. नाकापाशी नेली. लांब धरली. दुकानातला पंखा फिरत होता, त्याच्या एका पात्याचा स्क्रू ढिला झालेला लिफ्टवाल्यांना स्पष्ट ऐकू आला.

"नऊ चार चार," मीटरवाले म्हणाले. "शून्य सात... दोन सहा सहा, एक."

तीच चाल! लिफ्टवाल्यांचा जीव भांड्यात पडला. बाईने आवाज वाजवला, म्हणाली, "दोन्ही जिवंत." मीटरवाल्यांनी तो दिवस हिरवीच्या सात पिढ्यांची लक्तरं काढण्यात घालवला. लिफ्टवाल्यांनी निळीच्या आठ पिढ्यांची काढली. फार दिवसांत इतकं छान भांडण झालं नव्हतं.

जिना चढताना मात्र कान बोलू लागला. चाल तीच होती, पण सात आणि दोनच्या मध्ये काही तरी अडलं होतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये क्षणभर ठेचकाळते आणि आतली माणसं आपोआप एकमेकांकडे बघतात, तेवढंच. कंपनी सगळ्या डिस्कांना एकच नंबर देत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढून बघितली. मग बायकोचं सुई ओवायचं भिंग शोधलं आणि खिडकीशी उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा निळीचा नंबर डोळ्यांनी वाचला.

नऊ चार पाच, तीन तीन, आठ शून्य दोन, सहा.

त्यांनी तो पुन्हा वाचला. मग खुर्चीवर बसले. समोरच्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. त्या खुर्चीवर शेवटचं माणूस कधी बसलं होतं, हे त्यांना पटकन आठवेना. कुत्रं पोटरीला लोंबकळत असताना ज्याने सहावा आकडा थांबायची वाट पाहिली, तो माणूस आज दुकानात उभा राहून नऊच्या नऊ आकडे वाचून आला, आणि त्यातले पहिले दोन सोडून एकही आपल्या जागी नव्हता.

बरंच ऊन उतरल्यावर ते उठले. कागदाची बारीक पट्टी कापली. खरा नंबर त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण चाल कानात होती. ती हळूहळू गुणगुणत त्यांनी एकेक आकडा उतरवला, नऊ चार चार, शून्य सात, दोन सहा सहा, एक. लिफ्टच्या दारावर "बंद आहे" लिहून लिहून बिघडलेलं अक्षर. पट्टी डिस्कवरच्या नंबरावर चिकटवली. पुन्हा खोटं वाचायची पाळी त्या बिचाऱ्यावर नको.

पुढच्या गुरुवारी मीटरवाल्यांनी निळी उलटी केली आणि पट्टीकडे बघत राहिले. इतका वेळ, की दुकानवालीने हातातला हिशेब सोडून मान वर केली. त्यांनी पट्टीच्या सुटलेल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि तो नीट दाबून बसवला.

"लिफ्टवाले, तुमचा सात म्हणजे पाय मोडलेला बगळा आहे."

"वाचता येतोय ना?"

"येतोय," मीटरवाले म्हणाले, आणि खणखणीत वाचला. मध्ये कुठेही अडले नाहीत. चष्मा काढून दोरीवर सोडला, तो छातीवर दोनदा आपटला.

सरळ विचारावं, असं लिफ्टवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"दोन्ही जिवंत," बाई म्हणाली.

"जिवंत आहे खरी," मीटरवाले स्टूल जवळ ओढत म्हणाले, "पण काल रात्रीपासून ही तुमची हिरवी कण्हायला लागलीय. मला ऐकू आलं."

"तुम्हाला? ऐकू आलं?"

"मग! डावीकडचा दात हलतोय तिचा."

"काही तरीच काय!" लिफ्टवाले म्हणाले, आणि त्यांनीही आपलं स्टूल पुढे ओढलं.