दोन मुठींची करवत

या मित्रांनो, अशा जवळ या. माझ्या दात्यांना भिऊ नका; आता त्यांनी लोणीसुद्धा कापलं जायचं नाही. नीट बसा, एका मुलाची गोष्ट सांगते.

मी एक जुनी करवत आहे. साधीसुधी नव्हे, दोन मुठींची! माणसाएवढी लांब, आणि दोन्ही टोकांना एकेक लाकडी मूठ. लोहाराने मला घडवलं, तापवून पाणी देऊन पक्कं केलं, आणि मी एका सुताराच्या कारखान्यात आले. तो सुतार, म्हणजे आमचे मिस्त्री, पहिल्याच दिवशी सगळ्यांना म्हणाले, "हिला फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. आपलं ओढून झालं की हात सैल सोडायचा आणि समोरच्यावर भरवसा ठेवायचा." ऐकायला किती सोपं! पण हा भरवसा भल्याभल्यांना जमत नाही हो.

मिस्त्रींचा धाकटा मुलगा सोळा वर्षांचा. बोलायला भारी कंजूष, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणत. माझी एक मूठ त्याच्या हातात असायची; एके दिवशी समोरच्या मुठीवर त्याच्याच वयाचा नवा मुलगा आला. तो सतत शीळ घालायचा, त्याचं नाव पडलं शिट्टी. त्या शिळेवर मी अशी चालायचे, की भुसासुद्धा तालात पडावा! मिस्त्री कौतुकाने म्हणायचे, "जोडी जमली बघा."

मला हात कळतात. शिट्टी आला नाही, की घुम्याचा हात जड व्हायचा. आला, की मुठीला घाम फुटायचा. बिचाऱ्याला स्वतःचंच मन उमगत नव्हतं. थोरला भाऊ पोरींच्या गोष्टी रंगवून सांगायचा, तेव्हा हा नुसता कसंनुसं हसायचा.

एकदा ओंडका अर्धा कापून झाला आणि घुम्या थांबला.

"तुझी शीळ थांबली की मला करमत नाही," तो म्हणाला.

"मग थांबवतच नाही!"

"तसं नाही रे." घुम्या वळसा घालून त्याच्या बाजूला गेला आणि मुठीवरच्या त्याच्या हातावर त्याने आपला हात ठेवला. शिट्टीने हात काढून घेतला नाही. मी ओंडक्यात तशीच अडकून उभी. देवाने ज्या मायेने लाकडात रेघा ओढल्या, त्याच मायेने ही दोन मनंही घडवली असणार, एवढंच माझ्या मनात आलं.

आणि दारात थोरला दादा उभा होता.

मग काय विचारता! कारखानाभर हशा पिकला. "अरे, यातली नवरी कोण?" "भुसा उधळा रे यांच्यावर!" मिस्त्रींनी शिट्टीला दंडाला धरून बाहेर काढलं, त्याची पिशवी अंगणात भिरकावली. मग घुम्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"बोल. तोच तुझ्या मागे लागला होता ना? एवढं म्हण. घर तुझंच आहे."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं, मित्रांनो. शिट्टी तर गेलेलाच होता! घुम्याने माझी मूठ घट्ट धरली.

"नाही बाबा. हात आधी मी धरला."

काडकन थप्पड बसली. "चालता हो! माझा कुणी नाहीस तू."

"सोड ती मूठ! हात लावू नकोस हिला!" दादाने समोरची मूठ पकडली आणि सगळा राग एकवटून मला ढकललं.

"दादा, ढकलू नकोस, वाकेल ती."

"तू शिकवणार मला? तू?"

मी ओंडक्यातच वाकले. पुढे हातोड्याने ठोकून ठोकून सरळ केलं, पण माझी चाल गेली ती गेलीच.

घुम्या दाराशी पोचला, तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली. "जेवून तरी जा रे, बाळा."

तो वळला. "आई, त्याला विचारलं का गं कुणी?"

आईने अंगणात पाहिलं. तिथे पिशवी नव्हती, मुलगाही नव्हता. घुम्या त्याच वाटेने पळत सुटला. दोघांची भेट झाली का, मला ठाऊक नाही. मी तेव्हापासून या खिळ्याला लटकले आहे.

मला तेल लावा, गंज काढा, असं मी म्हणत नाही. फक्त त्या शिट्टीला विसरू नका. तुमच्या दारातून कुणाला हाकलून लावलेलं दिसलं, तर त्याच्यामागे जा आणि एवढंच विचारा, "जेवलास का रे?"