खोबऱ्याची चटणी

बलभीमने फॅमिली रूमचं अर्धं दार ढकललं, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, आत फक्त फॅमिली. एकट्या माणसानं बाहेर बसायचं."

बलभीम वळला. त्याचं तोंड बघून बिराप्पा ओशाळला. पन्नाशीचा हा वेटर त्याला चांगला ओळखत होता.

"मामा, तुमी व्हय! पाठमोरं कळलंच न्हाय. लई दिसांनी? मामी कुठं हायत?"

"येतीय मागून."

असं बलभीमच्या तोंडून निघून गेलं. मग तो आत गेला.

फॅमिली रूम म्हणजे हॉटेलच्याच एका कोपऱ्यात प्लायवूड ठोकून वेगळी केलेली जागा. चार टेबलं. दोन माणसांचं कोपऱ्यातलं टेबल तेवढं रिकामं होतं. तो नेहमीसारखा दाराकडे पाठ करून बसला. समोर द्वारकाची खुर्ची.

बिराप्पाने पाण्याचे दोन ग्लास ठेवले.

"दोन साधे डोसे ना?"

"जरा थांब."

द्वारकाला जाऊन दोन महिने झाले होते. तिच्या मृत्यूचा दाखला न्यायला तो सकाळच्या एसटीने कळंबहून धाराशिवला आला होता. तीन वाजता या, असं त्याला सांगितलं होतं. खरं तर दाखला पुतण्यानेही आणला असता. बलभीम आला होता तो या टेबलासाठी.

साठीपर्यंत द्वारकाने कधी हॉटेलात पाऊल टाकलं नव्हतं. पोटाच्या दुखण्यासाठी इथल्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या, तेव्हा तीच म्हणाली होती, "आलोच हाव तर दर खेपेला नवं हाटेल बघू." पहिल्यांदा स्टँडजवळची खानावळ झाली. आमटी पाणचट निघाली. दुसऱ्या खेपेला ढाब्यावर भाकरी करणाऱ्या बाईला ती आत जाऊन सांगून आली, "बाई, तवा तरी तापू दे." मारवाड्याच्या दुकानातली कचोरी तिने उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "पुरीला सूज आलीय." बलभीमला ठसका लागेपर्यंत हसू आलं होतं.

चौथ्या खेपेला रिपोर्ट आला. डॉक्टरांनी बलभीमला एकट्याला आत बोलावलं. बाहेर येऊन त्याने द्वारकाला सांगितलं, "साधी गाठ हाय. गोळ्यांनी विरघळंल." मग तिला या उडपी हॉटेलात आणलं. डोसे आले, तसा तो उठला. "हात धुऊन येतो," म्हणून तो बाहेरच्या बेसिनपाशी गेला. नळ पूर्ण सोडला, मान खाली घातली आणि रडला. परत आला तेव्हा द्वारका पदराने डोळे टिपत होती.

"चटणी लई तिखट हाय बघा," ती म्हणाली.

त्यानंतर ती दुसऱ्या कुठल्या हॉटेलात यायलाच तयार होईना. "हितंच बरं हाय," म्हणायची. सव्वा वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, हेच टेबल आणि हीच खुर्ची. बसली की आधी खुर्ची थोडी भिंतीकडे ओढून घ्यायची. मग तो हात धुवायला जायचा, नळ सोडायचा. परत आला की चटणी तिखट असायची. बलभीम डोसा सांबारातच खायचा. चटणीची वाटी तो तिच्याकडे सरकवायचा.

शेवटपर्यंत त्याने तिला खरं सांगितलं नाही. दहाव्याच्या दिवशी मुलगी शिवकन्या म्हणाली, "बाबा, आईला ठाऊक तरी असायला पाहिजे होतं. कुणाला भेटली असती. काय बोलायचं ते बोलली असती." त्यानंतर घरी द्वारकाच्या फोटोसमोर तो दोनदा बसला, पण जीभ उचलली नाही. खोटं तिला जिथं समोर बसवून पचवलं, तिथंच एकदा खरं बोलून टाकू, असं त्याने ठरवलं होतं. माफी मागायची होती.

त्याने समोर बघितलं. शेजारच्या मोठ्या टेबलावर एक कुटुंब पैसे ठेवून उठत होतं. ते जाईपर्यंत तो थांबला.

"द्वारका," तो हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी डाक्टर मला..."

"मामा," दारातून बिराप्पा म्हणाला. त्याच्यामागे हातात पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. "ह्यांना जरा टेकू द्या की. बाहेर समदे गडीच बसलेत, आन् त्या मोठ्या टेबलावर सात माणसं येणार हायत. मामी आल्या की मी ह्यांची दुसरीकडं सोय करतो."

बाई पुढे आली आणि समोरच्या खुर्चीला तिने हात घातला.

"तिथं नको!" बलभीम उठलाच. बाई दचकली. तो खाली बघून म्हणाला, "तिथं माणूस येणार हाय. तुमी इकडं बसा."

आपली खुर्ची त्याने तिला दिली. मग उभं राहणं बरं दिसेना म्हणून तो स्वतः द्वारकाच्या खुर्चीत बसला.

"माझ्यापायी तुमची अडचण झाली, दादा," बाई म्हणाली. "मी गजराबाई. येरमाळ्याची. सून दवाखान्यात हाय. सकाळी नात झाली."

"बरं झालं."

"रातीपासनं पोटात काय न्हाय. हाटेलात एकली कवा आले न्हाय. दोनदा दारातनं माघारी गेले. तो वेटर म्हणला, आत या, आत एक म्हातारा हाय, गरीब हाय." ती एकदम थांबली. "म्हंजे, चांगला हाय म्हणला."

बलभीमला किंचित हसू आलं.

बिराप्पाने दोन डोसे आणून ठेवले. "मामीचा गरम गरम मागनं आणतो," असं सांगून तो गेला.

"हात धुऊन येते," गजराबाई उठली.

टेबलाचा पाय बलभीमच्या गुडघ्याला लागत होता. त्याने खुर्ची थोडी भिंतीकडे ओढली आणि मान वर केली.

अर्ध्या दाराच्या वरून बाहेरचं बेसिन दिसत होतं. बेसिनवर आरसा होता. गजराबाईची पाठ त्याच्याकडे होती, पण तिचं तोंड आरशात समोर दिसत होतं, हातभर अंतरावर असावं तसं. हनुवटीवरचं हिरवं गोंदणसुद्धा दिसत होतं. तिने आ करून दातात अडकलेली सुपारी नखाने काढली. पदर नीट केला. मग स्वतःशीच हसली, बहुतेक नातीच्या आठवणीने. आपल्याकडे कुणी बघतंय हे तिला ठाऊक नव्हतं.

बलभीमने खुर्ची टेबलाजवळ घेतली. आरशात नुसती ट्यूबलाइट दिसली. त्याने खुर्ची पुन्हा भिंतीकडे ओढली. आरशात तोंड दिसलं.

बाहेर नळ वाहत होता. गजराबाईने तो बंद केला.

बलभीमने समोरची वाटी जवळ घेतली. डोशाचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि तोंडात घातला. ओलं खोबरं, डाळं, थोडं मीठ. गोडसर होती. त्याने दुसरा घास घेतला. तोही तसाच.

सव्वा वर्ष त्याने ही वाटी न चाखताच तिच्याकडे सरकवली होती.

गजराबाई येऊन समोर बसली. डोशाला हात लावता लावता तिने त्याच्याकडे बघितलं.

"काय झालं, दादा?"

"काय न्हाय." बलभीमने खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले. "चटणी लई तिखट हाय."

गजराबाईने बोटावर थोडी चटणी घेऊन चाखली. न आलेल्या माणसासाठी भरून ठेवलेल्या ग्लासाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"व्हय," ती म्हणाली, "हाय खरी."

आणि मान खाली घालून जेवू लागली.