सूनरडव्याचे डोळे

मित्रांनो, खुशाल हसा, पण मी एक जुना बटाटा आहे. साधासुधा नव्हे हं! अंगावर इतकी टेंगळं, की सुरीलाही वाट सापडू नये. आमच्या पठारावर मला 'सूनरडव्या' म्हणतात. लग्न ठरलं की होणाऱ्या सुनेच्या हातात माझ्यासारखाच एखादा देतात आणि म्हणतात, सोल. साल पातळ निघाली, गर वाया गेला नाही, की पोरगी पसंत. नाहीतर बिचारी रडते आणि बाया वर्षभर हसतात.

माझा जन्म फोर्तुनाताबाईंच्या सगळ्यात वरच्या शेतात झाला. तिथे झाड नावालाही नाही, वारा मात्र मुबलक. माझं वाण त्यांना त्यांच्या आईने माहेरून दिलेलं. पण लागोपाठ दोन वर्षं गारा पडल्या आणि त्या वाणाचा मी एकटाच उरलो. बाईंनी मला सुक्या गवतात गुंडाळून कोठीच्या कोपऱ्यात ठेवलं. "तुला पेरायचंय हं राजा," असं म्हणाल्या. त्या दिवशी मी किती फुगलो म्हणून सांगू!

मग त्यांच्या लेकाचं, इलारियोचं, लग्न ठरलं. मुलगी दामियाना, खाली सरोवराकाठची. ती घरी आली तेव्हा चुलीभोवती बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. फोर्तुनाताबाई लामाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकरी जनावराच्या, वाळक्या लेंड्यांचा जाळ फुंकत होत्या. त्यांनी नणंदेला, सातुकाला, सांगितलं, "कोठीतून एखादा वाकडातिकडा बटाटा आण." सातुका भारी उत्साही. अख्खी कोठी उपसून तिने नेमकं मलाच उचललं!

दामियानाच्या एका हातात मी, दुसऱ्या हातात सुरी. संपलंच माझं वाण, असं मला वाटलं.

"सांभाळून गं," सातुका म्हणाली, "तुमच्या माशांसारखी याला खवलं नसतात!"

बाया खो खो हसल्या. इलारियो दारात उभा राहून टोपीचे गोंडे पिळत होता.

दामियानाने माझ्या अंगावरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. आणि सुरी खाली ठेवली.

"मी हा सोलणार नाही."

"अगंबाई! सुरी लावायच्या आधीच रडू आलं?"

"रडू कशाला येईल, आत्याबाई? याचे डोळे उघडलेत. कोंब येतायत. हा बियाण्याचा आहे. बियाणं मी सोलणार नाही. मग तुम्ही मला नापसंत केलंत तरी चालेल."

"नखरे बघा पोरीचे!"

पण फोर्तुनाताबाई चूल सोडून उठल्या. त्यांनी मला हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि एकदम हंबरडाच फोडला. "अगं सातुके, मेले! हा माझ्या आईचा बटाटा! शेवटचा!" मला छातीशी धरून त्या रडू लागल्या. मग त्यांनी दामियानालाही जवळ ओढलं. "पोरी, तू नसतीस तर आज मी याचा रस्सा केला असता गं!"

"घ्या!" सातुका म्हणाली. "नाव सूनरडव्या, आणि रडवलं कुणाला? सासूला!"

घर हसून हसून लोळलं. मीही हसलो, पण बटाट्याचं हसणं कुणाला दिसतं?

पेरणीला दामियानानेच मला मातीत ठेवलं. धरणीमायला कोकाची पानं वाहिली, मद्याचे चार थेंब शिंपडले. या वर्षी गारा आल्याच नाहीत.

आज काढणी झाली. माझ्याभोवती माझी तेवीस पोरं निघाली, सगळी माझ्याइतकीच वेडीवाकडी! मी मात्र आता नुसती सुरकुतलेली साल उरलोय. शेतात ढेकळं रचून केलेली भट्टी पेटली आहे, दुसरे गुळगुळीत बटाटे भाजतायत आणि सगळे बोटं चाटतायत. माझ्या पोरांना कुणी हात लावायचा नाही, असा फोर्तुनाताबाईंचा हुकूम आहे. "ही सगळी पेरायची. दामियानाच्या सुनेपर्यंत पोचली पाहिजेत."

"सासूबाई, आधी पोर तर होऊ द्या!" पोटावर हात ठेवून दामियाना म्हणाली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कितीही भूक लागली, कितीही लोक हसत बसले, तरी सुरी लावण्याआधी एकदा अंगठा फिरवून बघा. कुणीतरी डोळे उघडत असेल.