अथेन्सच्या रीतीने

शिपाई डोमाने टोपलीभर फुटके कवेलू, म्हणजे छपराची कौले, स्टाफरूमच्या टेबलावर ओतले आणि लाल धूळ सगळ्यांच्या चहात जाऊन बसली. सगळ्यांनी तो तसाच प्यायला. टेबलाच्या डोक्याशी संस्थेचे अध्यक्ष भैय्याजी बसले होते.

“एकेक तुकडा घ्या अन् खडूनं नाव लिहा,” भैय्याजी म्हणाले. “केशवराव नाही तर मधुकरराव. ज्याचं नाव जास्त निघन, त्याची जागा गेली. मले मध्ये पाडू नका.”

प्राध्यापक केशवराव ग्रीस-रोमचा इतिहास शिकवत. ही रीत त्यांचीच होती. म्हणजे होती अथेन्सची, पण भंडारा जिल्ह्यात ती त्यांनी आणली होती. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सचे नागरिक खापराच्या तुकड्यावर एकाचे नाव खरडत आणि ज्याचे नाव सर्वांत जास्त भरे त्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर काढत. याच विषयावर केशवरावांनी नागपूरच्या ग्रंथालयात बसून पीएच.डी. मिळवली होती. ग्रीस त्यांनी पाहिले नव्हते. पश्चिमेला त्यांची मजल अकोल्यापर्यंत गेली होती, तीही साडूच्या लग्नाला. मात्र दरवर्षी पोळ्याच्या सुमारास ते बी. ए. च्या वर्गात या रीतीचे प्रात्यक्षिक घेत. पोरे कवेलूचे तुकडे आणत, नावे लिहीत, आणि ज्याचे नाव जास्त निघे त्याला तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभे करत. इतिहासाला प्रात्यक्षिक असलेले हे विद्यापीठातले एकमेव कॉलेज आहे, असे केशवराव पाहुण्यांना सांगत. गेल्या वर्षी भैय्याजी या प्रात्यक्षिकाला प्रमुख पाहुणे होते आणि त्यांना ते फार आवडले होते.

आता त्र्याऐंशीचा एप्रिल होता. विद्यार्थी कमी, म्हणून ग्रीस-रोमची जागा किंवा संस्कृतची, दोन्हींपैकी एक बंद करा, असा आदेश आला होता. दोघांच्याही मागे गावातली मते होती आणि भैय्याजींची निवडणूक जवळ होती. म्हणून त्यांना अथेन्स आठवले.

सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी गेलेल्या अथेन्सच्या अभ्यासकाला या भागात दुसरे काम मिळालेच नसते असे नाही, पण ते धानाच्या दलालीत मिळाले असते. केशवरावांनी खडू उचलला. खिडकीशी संस्कृतचे मधुकरराव शांत बसले होते. गेल्या परीक्षेत त्यांनी कॉपी करणारे पकडले, त्यात भैय्याजींचा पुतण्या निघाला, तरी पेपर परत दिला नाही. तेव्हापासून गावात मधुकररावांच्या सरळपणाची इतकी चर्चा झाली होती की स्टाफमधले सगळे तिला कंटाळले होते.

केशवरावांनी झरझर ‘मधुकरराव’ लिहिले आणि तुकडा टोपलीत पालथा टाकला.

“डोमाचंबी मत घ्या,” भैय्याजी म्हणाले. “लोकशाही आहे.”

“तसं अथेन्समध्ये गुलामांना मत नव्हतं,” केशवराव सवयीने बोलून गेले.

“डोमा गुलाम नाही, सर. त्याले वेतनश्रेणी आहे.”

डोमाने तुकडा उचलला. टेबलाभोवती नजर फिरवली. जो तो हाताची आड धरून आपापल्या तुकड्यावर वाकला होता आणि भैय्याजी घड्याळाला चावी देत होते. तो सरळ केशवरावांच्या खुर्चीमागे येऊन त्यांच्या कानाशी वाकला.

“सर, मले लिवता येत नाही. जरासं लिवून देजा.”

“सांग.”

“केशवराव.”

केशवरावांनी मान वळवून पाहिले. डोमा थट्टा करत नव्हता.

हा प्रसंग ते वर्गात दरवर्षी रंगवून सांगत. अरिस्टायडीज नावाच्या सज्जनाकडे एक अडाणी शेतकरी येतो आणि तो कोण हे न ओळखता म्हणतो, या खापरावर अरिस्टायडीजचे नाव लिही. का? तर जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो, ते ऐकून कान किटले. अरिस्टायडीज मुकाट्याने स्वतःचे नाव लिहून देतो. इथे पोरे टाळ्या वाजवत आणि केशवराव हात वर करून त्या थांबवत. आज फरक एवढाच होता की डोमा त्यांना चांगला ओळखत होता.

“मी तुझं काय वाईट केलं रे?” त्यांनी कुजबुजत विचारले.

“काही नाही जी. तुमी भले मानूस. पन दरसाल पोळ्याच्या आंगं तुमचा तो खेळ येते अन् पोट्टे मायं छप्पर उतरवतेत. माई खोली कॉलेजच्या मांगंच, त्याइले जवळ पडते. फुटका नाही सापडला त साबूत फोडतेत. उरल्या पावसाळ्यात गळत्याखाली घरभर गंज-भांडे मांडून बसतो आमी. मांगच्या पावसात पोरीले निमोनिया झाला, भंडाऱ्याले न्या लागली.” डोमाचा सूर तक्रारीचा नव्हता. “तुमी गेले त खेळ बंद होईन.”

“मला काहून नाही सांगितलं?”

“सांगतलं होतं न जी. तुमी म्हनले, डोमा, इतिहास समजून घे.”

केशवरावांना ते आठवले. टोपलीतले तुकडे कुठून येतात, असा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत पडला नव्हता. प्रबंधातही अथेन्सची खापरे कोणाच्या घरातली होती यावर एक ओळ नव्हती. त्यांनी खडू घेतला आणि ठसठशीत, वळणदार अक्षरात ‘केशवराव’ लिहिले. डोमाने तुकडा उलटसुलट करून पाहिला.

“लय मोठं नाव हाये जी,” तो म्हणाला आणि तुकडा टोपलीत ठेवून आला.

विषयातले जाणकार म्हणून मोजणीला केशवरावांनाच उभे केले. त्यांनी वाचायला सुरुवात केली. मधुकरराव. मधुकरराव. मधुकरराव. एक तुकडा कोरा निघाला. मधुकरराव खिडकीबाहेर बघत होते. पुन्हा मधुकरराव, पुन्हा मधुकरराव. मग केशवराव थांबले.

“वाचा न,” भैय्याजी म्हणाले.

“केशवराव.”

भैय्याजींनी तो तुकडा हातातून घेतला, चष्मा वर सारला, आणि त्यांचा चेहरा बदलला. संस्थेची सगळी मानपत्रे केशवरावच लिहीत.

“हे त सरांचंच अक्षर.”

इंग्रजीच्या शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“सोताचं नाव लिहिलं,” भैय्याजी हळू आवाजात म्हणाले. ते खरोखर हादरले होते. राजकारणात त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण असे काही पाहिले नव्हते. “सोताची नोकरी जाऊन राहिली, अन् दुसऱ्याचं नाव नाही लिहिलं या माणसानं.”

“तसं नाही, भैय्याजी. ते म्हणजे...” केशवरावांनी दाराकडे पाहिले. दारात डोमा उभा होता आणि आपल्या पायांकडे बघत होता. त्याचे मत कोणते हे भैय्याजींपुढे सांगणे बरोबर झाले नसते. न सांगणे सोयीचेही होते. केशवराव बोटांना लागलेला खडू पुसू लागले.

“पाहा या माणसाचा विनय,” भैय्याजी म्हणाले. “जूनमध्ये प्रिन्सिपॉलची खुर्ची रिकामी होते. दुसरा माणूस शोधाले आता मी कुठं जाऊ? अन् सर, तुमचा तो खेळ यंदापासून साऱ्या कॉलेजचा करून टाका. आर्ट्स, कॉमर्स, सगळे.”

टाळ्या झाल्या. डोमाने रिकामी टोपली उचलली आणि तो निघून गेला.

खोली हळूहळू मोकळी झाली. मधुकरराव उठून टेबलापाशी आले. त्यांनी केशवरावांचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे भरले होते.

“नोकरीचं काही नाही, सर. कोंढ्याला घरची शेती आहे. पण तुम्ही हे केलंत, हे मी विसरणार नाही.”

“अहो, तसं काही...”

“थांबा, मला बघू तरी द्या कोणी कोणी लिहिलं.”

ते टेबलावरचे तुकडे एकेक करून बघू लागले. हे ग्रंथपालांचे. हे शकुंतलाबाईंचे, घाईतले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडे हसूच होते. मग एका तुकड्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी तो उजेडात धरला. भैय्याजींच्या खुर्चीपुढे ठेवलेला ‘केशवराव’ लिहिलेला तुकडा उचलून त्याच्या शेजारी धरला, आणि दोन्हींवरचा ‘राव’ बराच वेळ पाहिला.

केशवराव टेबलाची कड धरून उभे होते.

मधुकररावांनी दोन्ही तुकडे टेबलावर जवळ जवळ ठेवले, बोटांना लागलेला खडू रुमालाला पुसला आणि छत्री घेतली.

“अक्षर मात्र सुरेख आहे तुमचं, सर,” ते म्हणाले.